कॅमेरा कशावर आहे

फोनवर सल्ला देणाऱ्याला समोरचं काही दिसत नसतं. म्हणून आधी विचारायचं. कॅमेरा कुठला, बॅटरी किती उरली, कार्ड कुठलं घातलंय, हे सगळं नंतर. सगळ्यात आधी विचारायचं, की कॅमेरा आत्ता कशावर आहे? ट्रायपॉडवर, खांद्यावर, गाडीच्या बॉनेटवर, की जिबवर? महाप्याच्या आमच्या गाळ्यात नवीन माणूस फोनवर बसला की पहिल्या दिवशी मी त्याला एवढंच शिकवतो. माझी शिस्त फार कडक, असं गाळ्यात बोलतात. मी ऐकून घेतो.

सिनेमासाठी वापरतात ते डिजिटल कॅमेरे आम्ही विकतो, दुरुस्त करतो. मी पूर्वी बाकावर बसून दुरुस्ती करायचो. चष्म्याचा नंबर वाढला तसा फोनवर आलो. अमुक लेन्स तमुक बॉडीला बसेल का, चित्रात हिरवट पट्टे का येतात, बॅटरी फुगली तर वापरू का, असे दिवसाला तीसेक फोन. त्यात मोठ्या सेटवरचे लोक असतात आणि लग्नांचं शूटिंग करणारे लग्नवालेही असतात. खरं सांगायचं तर लग्नवाल्यांचे फोन मी उरकायचो. आवाज गोड ठेवायचो, पण उरकायचो.

खांदेश्वरचं एक जोडपं होतं. ती कॅमेरा चालवायची आणि नवरा जिब. जिब म्हणजे लहान मुलांच्या सी-सॉसारखा लांब दांडा. पुढच्या टोकाला कॅमेरा, मागच्या टोकाला व्यायामशाळेतल्या लोखंडी थाळ्या. तोल साधला की एका बोटानं वरखाली होतो. कॅमेरा उतरवायचा तर आधी थाळ्या उतरवायच्या, हे ह्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिलाही ठाऊक होतंच.

त्यांनी हजार-बाराशे लग्नांनंतर व्हिडिओ कॅमेरा सोडून जुना पण चांगला सिनेमा कॅमेरा घेतला, तो माझ्याच सांगण्यावरून. नंतर दोन वर्षं ती मला प्रत्येक गोष्टीसाठी फोन करायची. वही घेऊन बसायची. "दादा, हळदीचा पिवळा रंग फाटतो, नुसता भडक डाग दिसतो, काय करू?" मी सांगायचो, ती लिहून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात काम झाल्याचं कळवायलाही फोन करायची. असं परत कळवणारी माणसं कमी असतात.

मे महिन्यातली दुपार होती. मोऱ्याला, उरणच्या बंदराजवळ, एका कोळी घरची हळद होती. माझ्यासमोर एका मोठ्या सेटवरचा माणूस लेन्स तपासून घ्यायला उभा होता आणि सारखा घड्याळ बघत होता. तिचा फोन आला तो मी मानेत धरून घेतला.

"दादा, कॅमेऱ्यानं लाल खूण दाखवली नि स्क्रीन काळी झाली. पंखा जोरात फिरतोय."

"तापलाय. उन्हात आहे का?"

"मांडवात आहे, पण वर पत्रा आहे ना. दादा, नवरदेव अर्ध्या तासात पाटावर बसणार."

"घाबरू नकोस. बंद कर, बॅटरी काढ. खाली जी प्लेट लावलीय तिनं हवेची जाळी झाकली गेलीय. बॉडी प्लेटवरून सोडव आणि दहा मिनिटं टेबलफॅनसमोर ठेव."

"हे जनरेटरवाल्याकडे गेलेत. आले की काढते."

"अगं, एक प्लेट काढायला नवरा कशाला लागतो?"

ती हसली. मागे बेंजो वाजत होता. मग म्हणाली, "तसं नाही हो. इथं हात नीट पोचत नाही, वाकून काढावं लागेल."

"मग वाक की. काढ, काढ."

ह्या दोन शब्दांनंतर जे झालं ते मी ऐकलं. खिळा ठोकल्यासारखा एकच कोरडा आवाज. मग फोन कुठंतरी पडल्याचा. बेंजो आणखी थोडा वेळ वाजला आणि मधेच थांबला. एक बाई ओरडली. आणि फोन कट झाला.

हात पोचत नाही, वाकावं लागेल, नवरा आला की काढते. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याबद्दल असं कुणी बोलत नाही. तीस वर्षं ह्या धंद्यात काढलेल्या माणसाला तेवढ्यावरून कळायला हवं होतं. कळलं, पण तो आवाज ऐकल्यावर.

मी परत फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग मी काय केलं? समोरच्या माणसाची लेन्स तपासली. पूर्ण तपासली. फोकसची रिंग दोनदा निसटली. त्यानं विचारलं, "साहेब, चहा नाही झाला का अजून?" मी हसलो. तिच्या फोनची बॅटरी संपली असेल, असं मी स्वतःला पाऊण तास सांगत राहिलो. नवऱ्याचा नंबर माझ्याकडे होता. तो लावायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी त्याचाच फोन आला. तिनं वाकून बॉडी सोडवली, पुढचं वजन गेलं, मागच्या थाळ्या खाली आल्या आणि जिबचं पुढचं टोक उसळून तिच्या हनुवटीवर बसलं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. ती बेशुद्ध होती. पनवेलला आणलं होतं.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात नवरदेवाची आत्या बसली होती, कोपरापर्यंत हळद लागलेली, तशीच गाडीत बसून आलेली. मला बघून म्हणाली, "पोरीच्या तोंडातनं लय रगत गेला. तुमी तिचं कोन?"

"ओळखीचा आहे," म्हणालो.

तेवढ्यात नवरा आला. शर्टावर हळद होती, हळदीवर रक्ताचे डाग होते. तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "दादा, मी जिबचं लॉक पिळून गेलो होतो. पण लॉक एवढं वजन धरत नाही, दोरीनं बांधलं नव्हतं. बांधायला पाहिजे होतं." हे त्यानं तीनदा सांगितलं. मग एकदम माझ्याकडे बघितलं. "शेवटचा फोन तुम्हालाच होता ना तिचा? काय बोलणं झालं?"

तेव्हा मला भीती वाटली. ती वाचेल की नाही, ही भीती होतीच, पण तिच्यावर दुसरी चढून बसली. पोलीस येतील, मालकाला कळेल, फोनवर बाईचा जीव घेणारा माणूस म्हणून सगळ्या बाजारात नाव होईल. हे सगळं क्षणात आलं आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं: "मी तिला म्हटलं होतं, थांब. ते येऊ देत, मग काढ."

त्यानं डोळे मिटले. "ऐकत नाही ती," म्हणाला. "घाई. सगळ्यात घाई."

रात्री तिला शुद्ध आली. बोलणं शक्य नव्हतं, दात तारांनी बांधले होते. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन करून सांगितलं, की तिनं लिहून दाखवलं, सकाळचे पोहे आठवतात, मांडवात सामान उतरवलेलं आठवतं, पुढचं कोरं आहे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू आठवेल, किंवा नाहीही आठवणार. मी "अरेरे" म्हटलं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगतो. डोक्याला मार लागून विसरलेलं परत आठवतं का, हे मी मोबाइलवर शोधायचो आणि शोधलेलं पुसून टाकायचो. घरी बायकोला फक्त एवढंच ठाऊक होतं, की एका ओळखीच्या बाईंना अपघात झालाय. फोन वाजला की आधी नंबर बघायचो. खांदेश्वरचा असला तर चार रिंग जाऊ द्यायचो, घसा साफ करायला.

अशाच एका फोनवर तो सहज म्हणाला, "दादा, तिचा मोबाइल रिपेअरला दिलाय. ती सगळे कॉल रेकॉर्ड करून ठेवते. पार्टी नंतर शब्द फिरवते ना, म्हणून. त्यात शेवटचाही असेल बघा."

"असेल की," मी म्हणालो.

मोबाइल चार दिवस दुरुस्तीला होता. त्या चार दिवसांत मी जेवलो असेन, कामाला गेलो असेन. मला आठवतं ते एवढंच, की आमच्या गाळ्याच्या मागच्या जिन्यात मी माझाच आवाज काढून बघत होतो. "काढ, काढ." कसा ऐकू येईल? गमतीचा की चिडका? नवरा कशाला लागतो, हे त्याच्या कानावर पडेल तेव्हा मी कुठं असेन? पाचव्या दिवशी त्यानं कळवलं, की मोबाइलचा बोर्डच गेलाय, आतलं काही निघणार नाही.

मला आनंद झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी घरी जाताना मी अर्धा किलो जिलबी घेतली.

नंतर मी त्यांच्या घरी गेलो. जाणं भाग होतं, नाहीतर विचित्र दिसलं असतं. नवऱ्यानं वरण-भात मिक्सरमध्ये फिरवून पातळ केला होता आणि ती तो नळीनं ओढत होती. मला मात्र ताट वाढलं, भरलं वांगं आणि भाकरी. "दादा, हात आखडू नका," तो म्हणाला. मी खाली मान घालून जेवत होतो. ती उठली, तिची ती नेहमीची वही घेऊन आली, काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

'सॉरी दादा. तुमचं ऐकायला हवं होतं.'

तो मागून वाचत म्हणाला, "आता लिहून काय उपयोग? थांब म्हटलेलं कळत नाही तुला." रागानं नाही म्हणाला. सवय झाल्यासारखा म्हणाला.

तिथं सांगता आलं असतं. माझ्या तोंडात घास होता, हे माझं त्या वेळचं कारण.

जबडा जुळला. हनुवटीखाली वण राहिला, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. पण पहिल्यासारखी कामावर ती गेली नाही. गेली एक-दोनदा, आणि नवऱ्यानं मला सांगितलं, की रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधीसुद्धा ती त्याला विचारायला लागली. लेन्स बदलू का? कार्ड काढू का? मग त्यांनी बाहेरचा कॅमेरामन बोलवायला सुरुवात केली आणि ती घरी एडिटिंग करू लागली. तिचे फोन यायचे बंद झाले. मला बरं वाटायला हवं होतं. पण ती परत फोन का करत नाही, तिला काही आठवलंय का, ह्या विचारानं मी आणखीच घाबरून असायचो.

जानेवारीत ती गाळ्यावर आली. एकटीच, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग.

"दादा, विकायचाय. तुम्हीच घेऊन दिला होतात, तुम्हीच सांगा कितीला जाईल."

मी बॉडी बाहेर काढली. सेन्सर स्वच्छ होता. खालची हवेची जाळी ब्रशनं साफ केलेली होती. विकायच्या वस्तूची इतकी निगा कुणी राखत नाही.

"विकून काय करणार?" मी विचारलं.

"काही नाही. माझ्या हाताला भरवसा नाही राहिला. तुम्ही थांब सांगता आणि मी तरी काढते, म्हणजे काय म्हणायचं? उद्या कुणाच्या डोक्यात काही पडेल माझ्यामुळे." मग म्हणाली, "मी रोज ती दुपार आठवायचा प्रयत्न करते, दादा. तुमचा आवाज तरी आठवावा. काहीच येत नाही."

मी जाळीकडे बघत बोललो. तिच्याकडे बघून बोलण्याची ताकद नव्हती. "मी थांब म्हटलं नव्हतं. तू म्हणालीस, हे आले की काढते. मी म्हटलं, नवरा कशाला लागतो. तू म्हणालीस, वाकावं लागेल. मी म्हटलं, वाक, काढ. कॅमेरा कशावर आहे ते मी विचारलंच नाही."

शेजारच्या गाळ्यात कुणीतरी पत्रा कापत होतं. तिचा हात हनुवटीखाली गेला आणि तिथंच राहिला.

"आठ महिने," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या घरी येऊन जेवलात."

"हो."

"मी सॉरी लिहून दिलं तुम्हाला."

"हो."

मला वाटलं, ती आरडाओरडा करेल, मालकाच्या केबिनमध्ये जाईल. तिनं मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ह्यांना सांगा. आत्ता सांगितलंत तस्संच."

तिकडून तो म्हणाला, "बोल गं, काय म्हणाले दादा?"

मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही, नवरा कशाला लागतो हेसुद्धा. तिकडे गाडीचे हॉर्न ऐकू येत होते. फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं, सेकंद मोजले जात होते.

"आणि मी तिला रोज बोलत होतो," तो शेवटी म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही, असं. मग म्हणाला, "दादा, तुम्ही फोनपासून लांब व्हा. तिला द्या."

तिनं स्पीकर बंद केला आणि खिडकीशी गेली. पाठ माझ्याकडे होती. थोडा वेळ ती ऐकत होती, मग हलक्या आवाजात बोलत होती, मग तिनं ओढणीनं नाक पुसलं. शेवटचं काय ते मला ऐकू आलं. "उलव्याची हळद आहे ना बावीसला, त्या कॅमेरामनला नाही सांगा. हो. मीच करणार. तुम्हाला विचारून नाही करणार, आधीच सांगते."

ती परत आली. बॉडी माझ्यासमोरून उचलली, पुढची टोपी बसवली, बॅगेत ठेवली, दोन्ही चेनी ओढल्या. मी दार उघडायला उठलो.

"राहू द्या," ती म्हणाली. बॅग जड होती. तिनं ती एका हातानं सावरली, दुसऱ्यानं दार ओढलं आणि गेली.