न उघडलेल्या प्लेटा

वृद्धाश्रमाच्या तळघरात गेली एकवीस वर्षं फिटरमामांचं राज्य होतं. जमिनीच्या पोटातलं कढत पाणी पंपाने वर यायचं, पोलादी प्लेटांमधून जाताना आपली ऊब घरातल्या पाण्याला द्यायचं आणि पुन्हा जमिनीत जायचं. फरशीखालच्या नळ्यांतून फिरणाऱ्या त्या उबेवर चाळीस म्हाताऱ्यांच्या खोल्या गरम राहायच्या आणि शेजारची लॉन्ड्री चालायची. "भट्टी नाही, धूर नाही, आणि मामा आहेत तोवर घोर नाही," असं सगळे म्हणत.

पाण्यातला क्षार प्लेटांवर बसतो, म्हणून दर महिन्याला त्या उघडून घासायच्या. यंदा मामांनी दोनदा अंगचोरपणा केला. गुडघे दुखत होते हे खरं; पण वहीत 'साफ केल्या' असं लिहिलं, हेही खरं.

ऐन थंडीत खोल्या गार पडल्या. एका आजींना कफ होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. व्यवस्थापकांनी विचारलं तेव्हा मामा बोलून गेले, "वरचा व्हॉल्व्ह कुणीतरी फिरवला असेल."

खोल्यांकडे गरम पाणी सोडणारा तो व्हॉल्व्ह फक्त म्हाताऱ्यांची देखरेख करणाऱ्या ताई हाताळत. त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं.

मामांनी मुकाट्याने प्लेटा उघडल्या. मधल्या फटी पांढऱ्या थराने पार बुजल्या होत्या. दुपारभर त्यांनी तो खरवडला. फरश्या कोमट झाल्या, तशी आजोबामंडळी येऊन पाठीवर थाप देऊ लागली. एकेक थाप चाबकासारखी लागत होती.

दुसऱ्या दिवशी ताई सामान न्यायला आल्या, तशा तळघरातही उतरल्या. "मामा, माफ करा. माझ्याच हातून फिरला असेल. मला आठवत नाही, पण तुम्ही उगाच कशाला म्हणाल?"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. खरवडलेल्या क्षाराची बादली त्यांनी व्यवस्थापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"व्हॉल्व्ह कुणीच फिरवला नाही. दोन महिने मी प्लेटा उघडल्याच नाहीत. वहीत खोटं लिहिलं, आणि वर दोष या पोरीवर जाऊ दिला."

ताई कामावर परतल्या. मामांकडच्या तळघराच्या किल्ल्या गेल्या. आता ते नव्या फिटरच्या हाताखाली प्लेटा घासतात. ताई कामापुरतंच बोलतात.

आजी बऱ्या होऊन आल्या, तेव्हा मामा त्यांच्या दाराशी गेले. सगळं सांगितलं.

"कळलंय मला," आजी म्हणाल्या. "आत या, बसा. फरशी छान उबदार आहे."

मामांना आत पाऊल टाकवेना. ते उंबऱ्याबाहेरच मान खाली घालून उभे राहिले.