दादाचा पेला आणि माझं लग्न

सुकेळीसाठी, म्हणजे उन्हात सुकवायची केळी सोलायला चार बायका बसल्या की सालींचा ढीग व्हायला लागतो, आणि त्याबरोबर आमच्या दादाच्या गोष्टींचाही. साली गुरं खातात, गोष्टी तशाच राहतात!

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. मुंबईला मास्तर होता. क्षय घेऊन गावी, सांडोरला परत आला, आणि डॉक्टरांनी हात टेकल्यावर आमच्या केळीच्या वाडीतल्या खोपीत राहायला लागला. करायचं काय? कविता! त्याही आजारावरच.

*

आईने त्याचा पेला वेगळा काढला आणि खोपीजवळच्या फणसाच्या बेचक्यात ठेवला. दादाने लगेच रचलं:

माझा पेला फणसावर, त्याला मुंग्यांची सोबत
घरी पेल्यांची पंगत, मला नाही बोलावत

मी ते आईला म्हणून दाखवलं. आई चुलीत फुंकर मारत बसली बराच वेळ. मग म्हणाली, "मुंग्या लागतात तर सांगायचं ना मेल्याने! कविता कशाला करायची?"

*

डॉक्टरांनी अंडी सांगितली. आमच्या घरात अंड्याचं नाव घ्यायची सोय नव्हती! शेजारच्या वाडीतली मारीमावशी उकडलेली अंडी केळीच्या सुक्या पानात गुंडाळून कुंपणावरून द्यायची. दादा खायचा आणि टरफलं केळीच्या बुंध्याशी पुरायचा.

एकदा माती भुसभुशीत करताना टरफलं आईच्या खुरप्याला लागली. दादा पांढराफटक! आईने ती पुन्हा नीट पुरली आणि म्हणाली, "मारीची कोंबडी हुशार हो. हल्ली अंडी सोलून घालते!"

*

मग ती पेल्याची कविता एका मासिकात छापून आली. खाली नाव, गाव, सगळं!

तात्या, म्हणजे आमचे वडील, भडकले. "उजवायची पोरगी घरात, आणि हा रोग छापून गावोगाव वाटतोय!"

"तात्या, घाबरू नका. मासिक कोणी वाचत नाही."

"हिचं लग्न होईपर्यंत एक ओळ छापायची नाही!"

"मग लवकर उरका," दादा म्हणाला. "मला दोन्हीकडून घाई आहे."

*

छापणं बंद झालं. मला वाचता येत नाही, तेव्हा दादा म्हणून दाखवायचा आणि मी पाठ करायची. एका कवितेत मरण चोरपावलांनी येतं असं होतं. मी म्हटलं, "दादा, वाडीत एवढी सुकी पानं. पाऊल वाजणारच!"

दादा म्हणाला, "मग पानं झाडू नकोस. मला आधी कळेल."

*

आगाशीहून मला बघायला मंडळी आली. थोरला मुंबईला असतो, असं तात्यांनी सांगून ठेवलेलं. पोहे झाले, चहा झाला, आणि वाडीतून खोकला!

"कोण हो?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"गडी आहे आमचा."

"बोलवा की. केळी बघू तुमची."

दादा पंचा नेसून, केळ्यांची फणी घेऊन आला. अंगणाच्या टोकालाच थांबला.

"काय रे, माणसं कशी आहेत घरची?"

"माणसं सोन्यासारखी, मालक. फक्त थोरला कविता करतो."

"दारू तर पीत नाही ना? मग सोसू!"

दादाने हसू दाबलं, ते खोकल्यातून बाहेर पडलं. नवरा मुलगा मात्र गड्याच्या बोटांवरच्या शाईकडे बघत बसला होता.

लग्न ठरलं.

*

आणि मग अडलं कानपिळीवर. मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. तात्यांनी चुलतभाऊ तयार ठेवला होता. आई म्हणाली, "सख्खा जिवंत असताना चुलत नाही चालणार."

"अगं, ओळखतील!"

"ओळखू देत."

दादा आला. मास्तरकीचा कोट, टोपी. कोट खांद्यावरून घसरत होता. सासऱ्यांनी वर पाहिलं आणि बघतच राहिले. भटजी थांबले. सप्तपदी व्हायची होती अजून. तात्यांनी मांडवाचा खांब धरला.

दादाने हात पुढे केला. मी शेजारीच होते, मला दिसत होतं. बोटांत जोरच नव्हता. कानाला नुसती टेकली.

आणि आमचे हे ओरडले, "आई गं! मेलो!" एवढ्या जोरात, की सगळा मांडव हसला!

सासरे उठले. कानपिळीच्या मानाचं उपरणं त्यांनी स्वतःच्या हाताने दादाच्या खांद्यावर घातलं, कोट नीट केला आणि तात्यांकडे वळून म्हणाले, "जोर आहे हो तुमच्या गड्याच्या हातात! चला भटजी, सप्तपदी घ्या."