महत्त्वाचं, पण तातडीचं नाही

माझा मुलगा तालुक्याच्या कचेरीत बाबू आहे. दोन वर्षांपूर्वी, धानाच्या रोवणीच्या तोंडावर, त्याला गडचिरोलीला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. कामात गती कशी आणायची, ते तिथे शिकवतात म्हणे. चौथ्या दिवशी तो कचेरीत गेला तो नेहमीसारखा अकरा वाजता. गती त्याने घरात आणली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर, डब्यांच्या फळीशेजारी, एक मोठा पांढरा कागद चिकटला. त्यावर चार खाने. महत्त्वाचं आणि तातडीचं. महत्त्वाचं, पण तातडीचं नाही. तातडीचं, पण महत्त्वाचं नाही. चौथा खाना दोन्ही नसलेल्यांचा. मी चौथीपर्यंत शिकले, पण वाचता येतं. पहिल्या खान्यात त्याचा डबा, त्याची इस्त्री, त्याचा चहा. माझा दुपारचा चहा मला चौथ्या खान्यात सापडला. आणि सुनेचा अभ्यास दुसऱ्यात.

सून अंगणवाडीत सेविका. त्या साली पर्यवेक्षिकेच्या परीक्षेचा फॉर्म तिने भरला होता. परीक्षा दिवाळीनंतर. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटचीच खेप. पुढच्या वेळी फॉर्मच घेतला नसता. पास झाली तर पक्की नोकरी, नाही तर म्हातारी होईपर्यंत लेकरांना खिचडी वाढायची आणि रजिस्टरं भरायची.

"हा अभ्यास दुसऱ्या खान्यात किती दिवस राहते?" मी मुलाला विचारलं.

"मोकळा वेळ भेटला का करायचा असते, माय. प्लॅनिंग आहे ते."

"अन् मोकळा वेळ कोणत्या खान्यात हाय?"

"तुले नाई समजणार."

सून खाली बसून वांगी चिरत होती. ती म्हणाली, "राहू द्या, आत्याबाई. कागदानं भिंतीचा पोपडा तं झाकला."

प्रशिक्षणात त्याला दोन मिनिटांचा नियमही शिकवला होता. जे काम दोन मिनिटांत होतं ते दिसताक्षणी करून टाकायचं, उद्यावर टाकायचं नाही. नियम मला पटला, म्हणून मी तो इमानदारीने पाळला. उठले तशी चटई गुंडाळली. कोंबड्या सोडल्या. बकरीच्या गळ्यातला दोर सैल होता, तो बांधला. पाण्याच्या गुंडावर झाकण नव्हतं, ते ठेवलं. शेजारणीने हाक मारली, तिला दोन मिनिटांत उत्तर दिलं. तिने आणखी दोन मिनिटांचं विचारलं. साडेदहाला मुलगा ताटावर बसला तेव्हा मी इतकी कामं केली होती की आयुष्यात कधी केली नसतील, आणि सून अंगणवाडीत जाताना माझ्यावर सोपवून गेलेला भात चुलीवर चढला नव्हता. त्या दिवशी तो न जेवता कचेरीत गेला. नियम मात्र माझ्यासाठी रद्द झाला.

मग त्याने रोवणीत हात घातला.

आमची धानाची शेती थोडी आहे. रोवणीला आठ बाया येतात, वर्षानुवर्षं त्याच. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एका रांगेत उभं राहायचं, वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोचत मागे मागे सरकायचं. प्रत्येकीच्या वाट्याला जी पट्टी येते ती तिची पात. पण एखादीचं लेकरू धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, झोपलं असेल, किंवा एखादी तापातून उठून आली असेल, तर तिला कडेला घेतात आणि तिच्या शेजारची आपली पात जरा रुंद करते. तिच्या शेजारची आणखी जरा. रांग वाकडी होत नाही. कोणी काही बोलत नाही. जिची पात अरुंद झाली ती मागत नाही आणि उपकारही मानत नाही. पुढच्या साली ती कोणाची तरी घेते.

मुलाला यात वेळेची नासाडी दिसली. "सगळ्याजणी एका बांधीत गर्दी करून राह्यल्या. कोणाचं काम किती, काहीच समजत नाई." त्याने आठ जणींना आठ बांध्या वाटून दिल्या. जी आधी संपवेल तिला साडी.

पहिल्या बाईने दुपारी जेवणाच्या आधीच संपवलं आणि ती धुऱ्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी साडी नेली. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि तिच्या बांधीतलं अर्धं रोप पाण्यावर तरंगायला लागलं. बोटं खोल घालायला वेळ लागतो. साडीला तेवढा वेळ नव्हता. लेकुरवाळीची बांधी तर अर्धी उघडीच होती, कारण तिच्या शेजारी कोणी नव्हतंच.

सगळ्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. साडीवालीच सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबूभाऊ, रोवाले साडी देल्ली. आता तरंगलेलं वेचाले काय देता?"

"लुगडं द्या तिले," दुसरी म्हणाली. "नऊवारी. हे काम लांब चालते."

मुलगा छत्री घेऊन घरी गेला. बायांनी आपली जुनी रांग धरली आणि दोन दिवसांत सगळं नीट केलं. मीही वाकले होते त्यांच्यात. चिखलात उभी असताना माझ्या लक्षात आलं की घरात मीही मुलापेक्षा वेगळं काही करत नव्हते. सुनेच्या डोक्यावर अंगणवाडी, स्वयंपाक, धुणं, बकरी, आणि वर पहाटे साडेचारचा अभ्यास. ती तिच्या बांधीत एकटी होती. मी शेजारी बसून कागद वाचत होते.

त्या संध्याकाळी मी मुलाला सांगितलं, "परीक्षा होईपर्यंत हिची पात आपण दोघं घेऊ. सकाळचं मी पाहीन. संध्याकाळचा भात, भांडे अन् इस्त्री तुझी."

"मी ऑफिसातून थकून येतो, माय."

"ते बी अंगणवाडीतून थकूनच येते. तुझी इस्त्री तातडीची हाय म्हणून तुनंच लिवलं ना? मंग दुसऱ्यावर काऊन सोडतं?"

त्याने कागद पुन्हा एकदा वाचला आणि फळीवरचा तांदळाचा डबा खाली काढला. अक्षर स्वतःचंच होतं.

पाच महिने तसं चाललं. चांगलं चाललं असं मी म्हणणार नाही. त्याचा भात वर कच्चा आणि खाली जळका. मी सकाळी एकच भाजी करायचे, तीच संध्याकाळी. अंगण रोज सारवणं बंद केलं, आठवड्यातून एकदा. कोणी मेलं नाही. इस्त्रीचं तर त्याने स्वतःच ठरवलं की शर्ट झटकून वाळत घातला तर लागतच नाही. एवढी मोठी युक्ती इतकी वर्षं त्याला सुचली नव्हती, कारण इस्त्री दुसरं कोणी करत होतं.

शेजारीण कुंपणावरून पाहायची. "बाई, तुमच्या घरी बाबूसायेब भांडे घासून राह्यले का?"

"घासते, पण तळाचं सोडते," मी म्हणायचे.

सुनेला जमायला वेळ लागला. ताट पडल्याचा आवाज आला की पुस्तक सोडून उठायची. मी तिला एकदाच सांगितलं, "पडू दे. तू उठली तं त्याले वाटन, पडलं का तू येतं." मग ती उठेनाशी झाली.

परीक्षा नागपूरला झाली. निकाल उन्हाळ्यात लागला. पास. नेमणुकीचा कागद आला तो आलापल्लीच्याही पुढचा, हेमलकशाच्या वाटेवरचा. आमच्या घरापासून अख्खा दिवस लागतो.

मुलाने कागद दोनदा वाचला. "एवढ्या दूर? अर्ज करून बदलून घेऊ. नाई तं नाकारून टाकू. घराचं कसं होईन?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. "घराचं पाच महिने कसं झालं?" एवढंच विचारलं आणि ट्रंक काढायला गेली.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. म्हातारपणी घरात जी एक बाई बोलायला होती ती गेली, आणि तिला घालवायला मीच हातभार लावला. पण तिने वरवर रोवलं नव्हतं, बोटं खोल घातली होती. नात ब्रह्मपुरीला वसतिगृहात शिकते. तिला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, आता सुट्टीत आईकडे जंगलात जाईन. बापाकडे येईन असं ती म्हणाली नाही.

सकाळच्या जीपला आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. मुलाने ट्रंक वर चढवली आणि विचारलं, "तिथी तुह्या जेवणाचं कोण पाहीन?"

"मीच पाहीन," सून म्हणाली. "एका माणसाचं काम किती असते, ते मले पहिल्यांदाच समजन."

जीप गेली. घरी रात्रीची भांडी पडली होती. मुलाने घासली, मी विसळली.