सर वाचून दाखवत नसत

गायकवाड सर गेल्याचं मला श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर कळलं. आमच्या गावची एक ओळखीची बाई गाडीतून उतरता उतरता म्हणाली, "बाई, आपलं सर गेलं... परवाच." मी तशीच गावाकडे जाणाऱ्या नेवाशाच्या गाडीत बसले. वाटभर रडू आलं नाही, स्वतःचा राग मात्र आला. 'एकदा येऊन जा' असा सरांचा निरोप कितीदा आला होता, आणि मी आपली दर वेळी 'दिवाळीनंतर' म्हणत राहिले. सरांना जाऊन आता महिना होत आला.

सर आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. नव्वदीच्या सुरुवातीला गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारची जागा बायकांसाठी मोकळी केली आणि शिकवायला मला बोलावलं. मी नुकती बी.ए. झालेली, अंगात भारी उत्साह. खुरपणीहून परतलेल्या बायका चुली पेटवायच्या आधी तासभर येत. चार महिन्यांत माझ्या बायका पुस्तकाचे धडे घडाघडा वाचू लागल्या. हौसाबाई तर सगळ्यांत पुढे. मी हवेतच होते.

तपासणीला साहेब आले. हौसाबाई उभ्या राहिल्या, पुस्तक उघडलं आणि अडखळल्याशिवाय वाचत सुटल्या. वाचताना त्यांच्याकडून एकदम दोन पानं उलटली गेली, तरी धडा मात्र बरोबर पुढे चालूच राहिला! साहेबांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मी गप्प बसले. ज्या बायकांनी जात्यावरच्या शंभर ओव्या नुसत्या ऐकून तोंडपाठ केल्या, त्यांना एवढंसं पुस्तक पाठ करायला कितीसा वेळ लागणार? साहेब 'साक्षर' असा शेरा लिहायला निघाले तेवढ्यात सर म्हणाले, "साहेब, एवढ्यात लिहू नका. यांना अजून वाचता येत नाही." आणि त्यांनी हौसाबाईंच्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिलं... त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, पण एक ओळही वाचता येईना.

हौसाबाई पाटी तिथेच टाकून गेल्या. बाकीच्याही फिरकेनात. मी तर पंधरा दिवस वाचनालयाची पायरी चढले नाही. शेवटी सर स्वतः घरी आले. मी चहासुद्धा विचारला नाही.

"चारचौघांत अब्रू घेतलीत," मी म्हटलं.

"घेतली खरी. तसं करायला नको होतं," सर म्हणाले. "पण शेरा पडला असता तर काम झालं म्हणून वर्ग बंद झाला असता, आणि हौसाबाई जन्मभर पाठच म्हणत राहिल्या असत्या. चूक त्या पुस्तकाची आहे. ते रोज तेच सांगतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयाच्या दारातच फळा लावला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हौसाबाई रुसल्या आहेत.' आपलं नाव फळ्यावर लागलंय ही खबर हौसाबाईंना तासाभरात पोचली. तरातरा आल्या. "काय लिवलंय माझं? कोन सांगंल का न्हाई?" सरांनी सगळ्यांना दम भरून ठेवला होता. स्वतः तर त्यांनी मानही वर केली नाही. "वाचा की," एवढंच. पदर खोचून बाई फळ्यासमोर उभी राहिली. 'हौसाबाई' लगेच सुटलं, पुढच्या शब्दाला घाम फुटला. अर्ध्या तासाने 'रुसल्या' जुळलं आणि बाईला जे हसू फुटलं! "कोन म्हन्तं रुसले? ही काय आले!"

मग रोज नवी बातमी. कोणाची शेळी व्याली, कोणाच्या लेकीला बघायला पाहुणे आले. जे पाठ करायला जमणार नाही तेच सर लिहीत, आणि कोणी कितीही गयावया केली तरी वाचून दाखवत नसत. पुरी दोन वर्षं हे चाललं. वरून पत्रं यायची, गावातले लोक हसायचे... माणूस हलला नाही. मी आज जी काही शिक्षिका आहे ती त्यांच्या हाताखाली झाले, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

दहाव्यानंतर वाचनालयात शोकसभा झाली. ठराव हौसाबाईच वाचणार, असा बायकांनी हट्ट धरला. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि सावकाश वाचू लागल्या: "सरांनी अवघ्या सहा महिन्यांत गावातील महिलांना..." इथे थांबल्या. मला वाटलं, अडल्या. मी मागून पुढचा शब्द सांगणार, तोच त्यांनी हात वर केला.

"अध्यक्षसाहेब, हितं चुकलंय. सा म्हैन्यात न्हाई, दोन वर्सं लागली आमाला. सरांनी दोन वर्सं दिली, ती कमी करू नका."

अध्यक्षांनी पेन पुढे केलं. हौसाबाईंनी 'सहा महिन्यांत' खोडलं, वर 'दोन वर्षांत' लिहिलं, आणि ठराव पहिल्यापासून पुन्हा वाचला.