कपाटातली बिअर आणि सासरे

तुम्ही हसणार, हे मला आधीच माहीत आहे. पण त्या दुपारी मला अजिबात हसू येत नव्हतं, एवढं ध्यानात ठेवून ऐका.

गेल्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी बिअर करायला घेतली. ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याने त्याच्या घरची पाजली होती आणि मला वाटलं, यात काय अवघड आहे? सामानाचा खोका मागवला, पाहुण्यांच्या खोलीत बादलीत सगळं आंबवलं. बाटल्या भरताना थोडी साखर घालायची, म्हणजे फेस येतो. किती घालायची ते पत्रकात डचमध्ये लिहिलं होतं. मी नुकताच डचची परीक्षा पास झालो होतो, त्यामुळे फोनवर भाषांतर करून बघणं मला कमीपणाचं वाटलं. प्रत्येक छोट्या बाटलीत दोन-दोन चमचे घातले, बुचं ठोकली आणि चोवीस बाटल्या त्याच खोलीतल्या कपाटात ठेवल्या. शेजारूनच हीटिंगचा पाइप जातो, उबेला बऱ्या.

त्याच आठवड्यात पुण्याहून माझे सासरे आले.

अण्णा एक्साइजमधून निवृत्त झालेत. उभी नोकरी हातभट्ट्यांवर धाडी घालण्यात गेली. ते मला 'समीरराव' म्हणतात आणि तसं म्हटलं की मी आपोआप ताठ होतो. बायकोने, मृण्मयीने, एवढंच सांगितलं की बाटल्या तुझ्या आहेत, तूच निस्तर. आणि ती ॲमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या ऑफिसला निघून गेली.

पहिल्याच दिवशी अण्णांनी विचारलं, खोलीत आंबूस वास कसला? मी म्हणालो, इडलीचं पीठ आंबवायला ठेवलंय. ते म्हणाले, वा, मग उद्या इडल्या होऊ द्या. झालं. तीन दिवस मी इंडियन दुकानातून तयार पीठ आणून इडल्या करत होतो, कारण वास काही जाईना.

चौथ्या दिवशी अण्णा फिरायला गेले होते, मी घरून काम करत होतो. कपाटात बार उडाल्यासारखा आवाज झाला. उघडून बघतो तर एका बाटलीचा मागमूस नाही आणि काचेचा तुकडा दाराच्या लाकडात आतून रुतलेला. तेव्हा कुठे ते पत्रक फोनसमोर धरलं. दोन चमचे बाटलीला नव्हते, लिटरला होते, आणि लिटरात तीन बाटल्या भरतात! म्हणजे मी तिप्पट साखर घातली होती. इंटरनेटवर वाचलं, एक फुटली की बाकीच्याही फुटू शकतात, जवळ जाऊ नका.

तेवढ्यात अण्णा आले आणि वामकुक्षीला थेट त्याच खोलीत गेले. उशी कपाटापासून हातभर. मी म्हणालो, हॉलमध्ये पडा, तिथे ऊन छान येतं. त्यांनी खिडकीबाहेरच्या जानेवारीकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले.

मी दारातच उभा राहिलो. सांगितलं तर माझी खैर नाही, न सांगितलं तर सासऱ्यांची. मृण्मयीला फोन करून नेमकं काय सांगायचं, तेही मनात जुळवून झालं.

"अण्णा, उठा," मी शेवटी म्हणालो. "कपाटात पीठ नाही, बिअर आहे. मी केलीय. आणि ती फुटतेय."

अण्णा उठले. ओरडतील म्हणून मी मान खाली घातली, पण त्यांचा आवाज एकदम ड्यूटीवरचा झाला.

"चादर भिजवून आणा. सायकलचं हेल्मेट घाला. खिडकी सताड उघडा. माल आधी गार करायचा."

ओली चादर बाटल्यांवर टाकेपर्यंत आत आणखी दोन फुटल्या. मी अण्णांचा दंड घट्ट धरला, त्यांनी तो सोडवला नाही. मग खोलीचं दार लावून आम्ही दोघं कोट घालून स्वयंपाकघरात बसलो, चांगले दोन तास. त्यानंतर जाड टॉवेलाखाली एकेक बूच त्यांनी उघडलं. बाटल्या मी धरल्या होत्या. फेस भिंतीपर्यंत जात होता.

शेवटच्या बाटलीत घोटभर उरली. अण्णांनी ती पेल्यात ओतली, उजेडात धरली, हुंगली आणि नमुना म्हणून जिभेवर घेतली.

"घाबरू नका, समीरराव," ते म्हणाले. "तुमच्यावर कुठल्याच देशात गुन्हा दाखल होणार नाही."

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू!

"याला दारू म्हणता येणार नाही."