अब्बांचा उजवा हात आणि पडद्यावरच्या लहरी

आधी एक दुरुस्ती. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की अर्धांगवायूनंतर अब्बांचा मेंदू उजव्या हाताला हुकूमच देत नाही. डॉक्टर असं म्हणाले नव्हते. हात हलत नाही म्हणून मीच तसं धरून चालले आणि त्यांचा व्यायामही थांबवला.

अब्बा येवल्यात पैठणी विणायचे. मला अक्षरं त्यांनीच मागावर बसून शिकवली. आता ते माझ्याकडे इंदिरानगरला असतात. आज सकाळी दवाखान्यात त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूतल्या विजेच्या लहरी तपासल्या.

ते विणकर आहेत हे ऐकून तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "काका, उजव्या हाताने धोटा, तो आडवा धागा नेणारा, फेकायची मनात तयारी करा. बाकी काही हलवू नका."

अब्बांचे पाय फरशीवर दाबले जायला लागले.

"काका, पाय नकोत."

"अहो ताई, मागाची पट्टी पायाने दाबल्याशिवाय उभं सूत उघडून धोट्याला वाट मिळत नाही. धोटा काय भिंतीवर फेकू?"

ताई हसल्या. मी म्हटलं, "अब्बा, तुटलेला धागा जोडा. नुसत्या बोटांनी."

पाय शांत झाले. ताईंचा इशारा मिळाला की पडद्यावर मेंदूच्या डाव्या बाजूच्या, म्हणजे उजवा हात चालवणाऱ्या बाजूच्या, लहरी लहान व्हायच्या. हात मात्र मांडीवर तसाच.

"मेंदू हाताची तयारी करतो तेव्हा असंच होतं," ताई म्हणाल्या. "हात हलेलच असं मी म्हणत नाही. पण व्यायाम सोडू नका."

रिक्षात अब्बांनी विचारलं, "मग बंद कशाला केलास, बेटा?"

घरी येणारे कोणी फिजिओथेरपिस्ट तुमच्या माहितीत आहेत का? नसले तरी मी अब्बांना व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन जाणार आहे, येत्या सोमवारी सकाळी.