सकाळ नसलेला आठवडा

नवऱ्याच्या गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे हे डॉक्टरांकडून कळलं, तोवर सगळ्यांनी त्याला आळसच म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं. ऐंशी साल जवळ आलेलं, आम्ही आकुर्डीत एका खोलीत भाड्याने राहत होतो. माणूस पेंगायचा. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, भर वैशाखात अंगावर चादर. हाक मारली तर विहिरीच्या तळातून आल्यासारखं उत्तर यायचं.

घरात पेंगला असता तर मी चालवून घेतलं असतं. पण ते कंपनीत प्रेसवर होते. वरून लोखंडाचा ठोकळा दाणकन येतो, खालच्या पत्र्याला आकार देतो आणि वर जातो. मध्ये बोट राहिलं तर बोट जातं. आमच्याच ओळीत अशी बोटं गेलेले लोक राहत होते, डाव्या हाताने चहाचा कप धरायचे. त्यामुळे नवरा पाळीवरून दारात आला की मी आधी त्यांचे हात बघायची, मग तोंड.

पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. आमच्याकडे गुरुवारची सुट्टी, म्हणून गुरुवारीच बसने पुण्याला जायचं. तिथे रक्त काढायचे, ते पुढे मुंबईला जायचं आणि रिपोर्ट यायला पंधरवडा लागायचा. रिपोर्ट आला, गोळी सुरू झाली. सकाळी उठल्यावर, अनशापोटी, न चुकता, असं डॉक्टरांनी बजावलं. घरमालकीण गावची जुनी शेतकरीण. पुरुषाला हे बायकी दुखणं कसं झालं, याचं तिला नवल वाटत राहिलं. मी म्हटलं, दुखणं बाई-पुरुष विचारून येत नाही. गोळ्यांची बाटली मी माझ्या ताब्यात ठेवली.

आता त्यांच्या पाळ्या सांगते. एक आठवडा सकाळपाळी, एक दुपारपाळी, एक रात्रपाळी. पहिल्या दोन आठवड्यांत सकाळी उठायचे, मी पाण्याबरोबर गोळी द्यायची, तासाभराने चहा. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी घरी यायचे ते कॅन्टीनमधलं खाऊन, चहा पिऊन. आल्या आल्या झोपायचे, उठायचे ते उन्हं कलल्यावर. म्हणजे सकाळी उठणं नाही आणि पोटही रिकामं नाही. भरल्या पोटी दिली आणि अपाय झाला तर? मी त्या आठवड्यात गोळी देत नव्हते. यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. डॉक्टर सकाळ म्हणाले होते आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्या घरी सकाळच होत नव्हती.

पण रक्ताला हे कुठलं ठाऊक? रात्रपाळीचा आठवडा संपवून तपासलं की रिपोर्ट खाली. डॉक्टर डोस वाढवायचे. पुढच्या खेपेला सकाळपाळीनंतर जायचो, रिपोर्ट वर. डॉक्टर कमी करायचे. एक, दीड, एक, परत दीड, मग दोन. ब्लेडने गोळीचे तुकडे करून माझी बोटं चिरली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशी वर्षभर गत झाली. आणि ते पेंगतच होते. एकदा फोरमनने त्यांना प्रेसवर डुलताना पकडलं आणि परत दिसलास तर काढून टाकीन म्हणाला. मला वाटलं, काढ बाबा, हात तरी घेऊन घरी येतील.

शेवटी डॉक्टर वैतागले. सगळे रिपोर्ट टेबलावर पसरून त्यांनी विचारलं, गोळी रोज घेता ना? नवऱ्याने हो म्हणून मान हलवली. त्यांना काय, मी देईन ती घेत होते.

मी म्हटलं, "रातपाळीच्या आठवड्यात न्हाई देत मी. तवा सकाळी त्यांचं पोट भरल्यालं असतं."

डॉक्टरांनी पसरलेले रिपोर्ट गोळा केले. मग न रागावता म्हणाले, उठतील ती त्यांची सकाळ, मग दुपारचे चार वाजलेले असोत. डोस दोन गोळ्यांचाच ठेवला, रोज घेऊन काय होतं ते बघू म्हणाले.

रोज दोन गोळ्या पोटात जायला लागल्या आणि महिन्याभरात माणूस बदलला. सूज उतरली. जेवताना बोलायला लागले, फोरमनची नक्कल करून दाखवायला लागले. एका गुरुवारी आपणहून मला चिंचवडच्या बाजारात घेऊन गेले आणि वाटेत शीळ घालत होते. लग्नातला माणूस मला परत मिळाला होता. मी इतकी सुखात होते की त्यांना झोप येत नाही, छाती धडधडते, भरपूर जेवूनही वाळत चाललेत, याकडे मी बघतच नव्हते. मग एके दिवशी त्यांनी चहाची बशी उचलली आणि चहा बशीत राहीना. बोटं थरथरत होती. त्याच हातांनी ते प्रेसखाली पत्रा सरकवत होते.

पुण्याला जाताना बसमध्ये त्यांना कळलं की मी हे सांगणार आहे. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नगं सांगूस. लई दिसांनी जित्ता झाल्यागत वाटतंय."

मी सांगितलं. सांगताना रडू आलं, तरी सांगितलं. औषध जास्त होतंय म्हणून डॉक्टरांनी डोस उतरवला. दीड, मग सव्वा. दोन वेळा रक्त तपासलं आणि दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, आता अगदी बरोबर, हाच डोस आयुष्यभर.

हात थरथरायचे थांबले, पेंगणं गेलं. आणि शीळही गेली. सुजलेले नव्हते की उतावळे नव्हते, नुसते दमलेले होते. पाळीवरून यायचे, जेवायचे, भिंतीला टेकून बसायचे. मी वाट बघत राहिले. दुखणं कळल्यापासून सगळं त्या ग्रंथीवर ढकललं होतं, त्यांचं गप्प राहणं, माझ्याकडे पाठ करून झोपणं, सगळं. डोस बसला की माणूस परत येईल, एवढ्यावर मी दिवस काढले होते. आता रक्तावर ढकलायला जागाच उरली नव्हती.

एका गुरुवारी दुपारी मी बोलून गेले, "मला वाटलं व्हतं, डोस बसला की तुमी परत याल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत.

"आलोय की," ते म्हणाले. "हाच हाय मी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची रात्रपाळी होती. मी डबा घासायला घेतला.